बुकिंगचे तीन लाख परत मिळवताना : एप्रिल ते नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी

या नोंदी मी २० मे रोजी लिहायला घेतल्या. त्याआधीच्या नोंदी बँकेचे उतारे, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणे आणि पत्नीच्या डायरीवरून मागाहून भरल्या आहेत. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचे बुकिंग रद्द करून पैसे परत मागण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना तारखा आणि रकमा उपयोगी पडतील, म्हणून त्या आहेत तशाच ठेवल्या आहेत. विकासकाचे आणि प्रकल्पाचे नाव कुठेही दिलेले नाही.

९ एप्रिल २०२४, मंगळवार (गुढीपाडवा)

हिंजवडीच्या पुढे, माण-मारुंजीच्या बाजूला असलेल्या एका प्रकल्पाच्या साइट ऑफिसमध्ये आम्ही दुपारी गेलो आणि संध्याकाळी बुकिंग करून बाहेर पडलो. करारमूल्य ४८,६०,००० रुपये ठरले. ‘पाडव्याची ऑफर आज रात्री बारापर्यंतच’ हे वाक्य आमच्या समोर तीन वेगवेगळ्या कुटुंबांना ऐकवले गेले, तरी ते आम्हाला खरे वाटले. टोकन म्हणून ५१,००० रुपये टेबलावरच्या क्यूआर कोडवर यूपीआयने भरले. पैसे कोणाच्या खात्यात गेले, हे मी पाहिले नाही. बुकिंग फॉर्मवर दोघांच्या सह्या झाल्या. त्याची प्रत ‘उद्या मेल करतो’ असे सांगितले गेले आणि ती कधीच आली नाही.

१३ एप्रिल, शनिवार

उरलेल्या २,४९,००० रुपयांचा धनादेश दिला. या रकमेची छापील पावती मिळाली. त्यात ११,८५७ रुपये जीएसटी वेगळा दाखवला होता. टोकनची पावती मागितली, तेव्हा ‘सर, एकत्रच येईल’ असे उत्तर मिळाले. मी मान डोलावली. पुढे या मान डोलावण्याची किंमत ५१,००० रुपये होण्याची वेळ आली होती.

२० एप्रिल, शनिवार

महारेराच्या, म्हणजे राज्यातील बांधकाम प्रकल्पांची नोंदणी आणि नियमन करणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान प्रथमच उघडले. हे काम पाडव्याच्या आधी करायला हवे होते. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे. आमच्या हातातल्या माहितीपत्रकावरही तो होता. तो स्कॅन करायला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि आम्हाला अकरा दिवस लागले.

दोन गोष्टी दिसल्या. माहितीपत्रकात ताबा डिसेंबर २०२५ मध्ये देण्याचे छापले होते; महारेराकडे विकासकाने स्वतः नोंदवलेली पूर्णत्वाची तारीख ३१ डिसेंबर २०२७ होती. दुसरे म्हणजे, माहितीपत्रकातले ‘६१२ चौरस फूट कार्पेट’ नोंदणीत ५१.३० चौरस मीटर, म्हणजे साधारण ५५२ चौरस फूट होते. उरलेले साठ फूट बाल्कनीचे निघाले. रेरा कायद्यातील (ज्याखाली महारेरा काम करते) चटई क्षेत्राच्या, म्हणजे कार्पेटच्या, व्याख्येत बाल्कनी धरली जात नाही, त्यामुळे कार्पेट म्हणून तिचा आकडा मिळवणे चुकीचेच होते. जागेचे एक वेळ सोसले असते; पण घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन वर्षे अधिक एकत्र भरणे आम्हाला शक्य नव्हते. त्याच रात्री बुकिंग रद्द करायचे ठरवले.

२१ एप्रिल ते १७ मे

या सत्तावीस दिवसांत माझ्याकडून झालेली चूक सर्वांत महाग पडली. सेल्समनला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “सर, मेल अजिबात करू नका. मेल सिस्टीममध्ये गेला की कॅन्सलेशन चार्ज लागतो. मी साहेबांशी बोलून तुमचे पूर्ण पैसे काढून देतो.” मला तो भला माणूस वाटला. नंतर कळले की, महारेराने २०२२ मध्ये ठरवून दिलेल्या वाटपपत्राच्या नमुन्यात, ज्याला सगळे अलॉटमेंट लेटर म्हणतात, रद्द करण्याच्या दिवसांनुसार कपात ठरलेली आहे : वाटपपत्रापासून पंधरा दिवसांच्या आत काहीच नाही, सोळा ते तीस दिवसांत किमतीच्या एक टक्का, एकतीस ते साठ दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर दोन टक्के. बुकिंगच्या दिवसापासून मोजले, तरी २४ एप्रिलपर्यंत माझे एक पत्र गेले असते, तर पुढचे जवळजवळ काहीच लिहावे लागले नसते. मी मात्र फोन करत राहिलो. एकूण एकोणीस फोन झाले; त्यांतला एकही कागदावर नाही.

१८ मे, शनिवार

साइट ऑफिसला गेलो. तो सेल्समन नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या बाईंनी आमचा बुकिंग फॉर्म काढून मागच्या बाजूचे कलम वाचून दाखवले : ग्राहकाने बुकिंग रद्द केल्यास करारमूल्याच्या दहा टक्के रक्कम जप्त होईल. दहा टक्के म्हणजे ४,८६,००० रुपये, आणि आम्ही भरले होते तीन लाख. या हिशेबाने आम्हीच त्यांचे १,८६,००० रुपये देणे लागत होतो. हे मी बोलून दाखवले, तेव्हा बाईंनाही हसू आवरले नाही.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र बरोबर केली. फॉर्म पुन्हा फाइलमध्ये जाण्याआधी त्यांची परवानगी घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले. पहिल्या पानावर पेनाने ‘टोकन ५१,०००/- प्राप्त’ असे लिहून सही केलेली होती.

२० मे, सोमवार

रद्द करण्याचे पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. पत्र दीड पानाचे होते : बुकिंगची तारीख, भरलेल्या रकमा, माहितीपत्रक आणि महारेराची नोंदणी यांतील तफावत, पूर्ण रकमेची मागणी, आणि बँक खात्याचा तपशील.

या पत्रात दोन चुका होत्या. पहिली कायद्याची. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, असे वाचले होते, म्हणून ते कलम मी ठळक अक्षरांत लिहिले. आमचे तीन लाख म्हणजे जेमतेम सव्वासहा टक्के होतात, हा भागाकार करायचे राहून गेले. दुसरी चूक पत्त्याची, तिची नोंद पुढे येते.

४ व ५ जून

लखोटा ‘स्वीकारण्यास कोणी नाही’ अशा शेऱ्यासह परत आला. मी पत्र साइट ऑफिसच्या पत्त्यावर पाठवले होते. ते ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड. तिथे पोस्टमनला पोच देणारा माणूस कुठून असणार? विकासकाचा नोंदणीकृत पत्ता महारेराच्या पानावर दिलेला असतो. पत्र दुरुस्त करून, कलम १३ वगळून, ५ जूनला त्या पत्त्यावर पुन्हा पाठवले. सोळा दिवस वाया गेले. ईमेलला तोपर्यंत उत्तर नव्हते.

१४ जून, शुक्रवार

पोचपावती परत आली. तिच्यावर ८ जूनचा शिक्का आहे. नमुना वाटपपत्रानुसार रद्द करण्याचे पत्र मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत रक्कम परत द्यायची असते. ती मुदत २३ जुलैला संपेल. त्यानंतर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (बँकेने कर्जासाठी ठरवलेल्या मूळ व्याजदरावर) दोन टक्के अधिक, या दराने व्याज लागू होते.

१९ जून, बुधवार

विकासकाचे पहिले लेखी उत्तर आले. त्यात चार मुद्दे होते. पत्र त्यांच्या कार्यालयात १० जूनला ‘इनवर्ड’ झाले, म्हणजे बुकिंगपासून बासष्टाव्या दिवशी. त्यामुळे दोन टक्के, ९७,२०० रुपये कापले जातील. जीएसटी सरकारजमा झाल्याने ११,८५७ रुपये परत मिळणार नाहीत. ५१,००० रुपये त्यांच्या खात्यात आलेलेच नाहीत. उरलेले १,३९,९४३ रुपये तो फ्लॅट दुसऱ्या ग्राहकाला विकला गेल्यावर देण्यात येतील.

पोचपावतीवरचा ८ जून हा बुकिंगपासून बरोबर साठावा दिवस होता. साठाव्या दिवशी कपात ७२,९०० रुपये आणि बासष्टाव्या दिवशी ९७,२०० रुपये. शनिवारी हातात पडलेल्या पत्रावर सोमवारी शिक्का मारला, की मधल्या दोन दिवसांचे २४,३०० रुपये होतात. ती पिवळी पोचपावती मी तेव्हापासून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली आहे.

यूपीआयचा व्यवहार बँकेच्या उताऱ्यात शोधला. पैसे विकासकाच्या नव्हे, तर विक्रीचे काम पाहणाऱ्या एका वेगळ्याच फर्मच्या खात्यात गेले होते.

२६ जून, बुधवार

मेहुण्यांच्या ओळखीच्या वकिलांना भेटलो. एका सल्ल्याचे २,००० रुपये घेतले आणि ते पूर्ण वसूल झाले. मी रेरा कायद्याच्या कलम १८ ची, म्हणजे ताबा लांबल्यास पैसे परत मागण्याच्या कलमाची, तयारी करून गेलो होतो. त्यांनी सांगितले की, ते कलम विक्री करारनाम्यातील ताब्याच्या तारखेभोवती फिरते. आपल्याकडे करारनामाच नाही, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवली, तर पहिली तारीख त्याच वादात जाईल. त्याऐवजी कलम १२ वाचा. जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील चुकीच्या विधानावर विसंबून आगाऊ रक्कम भरलेल्या माणसाला, त्या विधानामुळे नुकसान झाले असेल, तर प्रकल्पातून बाहेर पडून सर्व रक्कम व्याजासह मागता येते. त्यात ‘आगाऊ रक्कम किंवा ठेव’ असेच शब्द आहेत, करारनाम्याची अट नाही.

मग त्यांनी विचारले, “अलॉटमेंट लेटर दाखवा.” माझ्याकडे नव्हते. आम्हाला ते कधी दिलेच गेले नव्हते. वकील म्हणाले, “मग दीड टक्का आणि दोन टक्के हे दिवस मोजायचे तरी कुठून? ते वाटपपत्राच्या तारखेपासून मोजायचे असतात. पत्रच नाही, तर दिवस सुरूच झाले नाहीत.” आठवडाभर मी साठ की बासष्ट एवढ्यावरच डोके फोडून घेत होतो, आणि मुद्दा शून्याचा होता.

जीएसटीबद्दल त्यांनी स्वतः न बोलता एका सीएंना फोन लावून दिला. बुकिंग रद्द झाल्यावर विकासक क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढून भरलेल्या कराचे समायोजन करू शकतो, आणि २०२४-२५ मधील व्यवहारासाठी ती मुदत ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत होती. ‘सरकारजमा झाला’ हे खरे असले, तरी ते पैसे न देण्याचे कारण होत नाही. फ्लॅट पन्नास लाखांच्या आतला असल्याने टीडीएसचा, म्हणजे खरेदीदाराने कापून भरायच्या कराचा, घोळ नव्हता, एवढे एक बरे.

२४ जुलै, बुधवार

पंचेचाळीस दिवस काल संपले. पैसे आले नाहीत. आता दोन मार्ग होते : महारेराकडे रीतसर तक्रार, जिचे शुल्क तेव्हा ५,००० रुपये होते, किंवा महारेराचा सलोखा मंच, ज्याचे शुल्क १,००० रुपये होते. सलोखा मंचावर ग्राहक संघटनेचा एक आणि विकासकांच्या संघटनेचा एक असे दोन सलोखाकार बसतात. विकासकाने संमती दिली तरच काम पुढे जाते, ही त्याची मर्यादा. वकिलांचे मत असे पडले की, तीन लाखांसाठी आधी सलोखा करून पाहावा; जमले नाही, तर तक्रारीचा मार्ग खुलाच राहतो.

अर्ज ऑनलाइन भरला. प्रतिवादी म्हणून प्रथम माहितीपत्रकावरचे ठळक नाव लिहिले होते. ते समूहाचे व्यापारी नाव निघाले. महारेराकडे नोंदणी एका भागीदारी संस्थेच्या नावाने आहे. शेवटच्या पानावर हे लक्षात आले आणि सगळा अर्ज नव्याने भरावा लागला. कागद स्कॅन करून लहान करण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

१२ ऑगस्ट, सोमवार

विकासकाची संमती आली. ती इतक्या सहज का आली असावी, याचा मी विचार केला. रीतसर तक्रार झाली की तिची नोंद महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावरच दिसते, आणि प्रकल्पातले बरेच फ्लॅट अजून विकायचे होते. हा माझा तर्क आहे. त्यांनी तसे कधी म्हटले नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

पहिली बैठक व्हिडिओद्वारे झाली आणि नऊ मिनिटांत संपली. विकासकातर्फे आलेल्या कर्मचाऱ्याकडे अधिकारपत्र नव्हते. घरी गणपती होते, मी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, ती फुकट गेली. पुढची तारीख विसर्जनानंतरची मिळाली.

२५ सप्टेंबर, बुधवार

या बैठकीला एक तास चाळीस मिनिटे लागली. मी सात कागद क्रमाने लावून ठेवले होते : माहितीपत्रक, महारेराच्या पानाची छापील प्रत, बुकिंग फॉर्मचे फोटो, पावती, बँकेचा उतारा, दोन्ही पत्रे आणि पोचपावती. व्हॉट्सअ‍ॅपवरची चाळीस पानेही छापून घेतली होती. ती कोणी मागितली नाहीत.

५१,००० रुपयांचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. फॉर्मवरची ‘प्राप्त’ ही नोंद आणि सही दाखवल्यावर, विक्री करणाऱ्या फर्मशी तुमचा हिशेब तुम्ही पाहा, ग्राहकाला त्यात ओढू नका, असे दोन्ही सलोखाकारांनी त्यांना सांगितले. दहा टक्के जप्तीचे कलम त्यांच्या प्रतिनिधीने स्वतःच पुढे रेटले नाही.

मग तो साठ की बासष्ट दिवस यावर आला. मी वकिलांनी शिकवलेले वाक्य बोलणार, इतक्यात विकासकांच्या संघटनेतर्फे बसलेल्या सलोखाकारांनीच विचारले, “अलॉटमेंट लेटर कोणत्या तारखेचे आहे?” पडद्यावर कागद चाळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. “सर, ते प्रोसेसमध्ये होते,” असे उत्तर आले. “मग कपात कशाच्या आधारावर?” यावर उत्तर नव्हते.

तरीही शेवटी मी २५,००० रुपये सोडले, आणि व्याजही सोडले. हे कोणाला पटणार नाही. माझ्या मुद्द्यात दम होता, हे मलाही कळत होते. पण तक्रार, सुनावणी, आदेश, आदेश पाळला गेला नाही तर वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसील कार्यालयात, हा रस्ता मला दिसत होता, आणि मुलीच्या अकरावीची फी जानेवारीत भरायची होती. पत्नीचे मत वेगळे होते आणि अजूनही आहे.

ठरलेल्या अटी : एकूण २,७५,००० रुपये, जीएसटी धरून, १,५०,००० रुपयांचा धनादेश ९ ऑक्टोबरचा आणि १,२५,००० रुपयांचा ९ नोव्हेंबरचा. दोन्हींपैकी एक जरी धनादेश वटला नाही, तर ८ जूनपासून एमसीएलआर अधिक दोन टक्के व्याज, हे वाक्य मी आग्रहाने घालून घेतले. मूळ पावत्या ‘सहीच्या वेळी’ परत कराव्यात, असे त्यांच्या मसुद्यात होते. ते खोडून ‘दुसरा धनादेश वटल्यानंतर’ असे करून घेतले. करारनामा नोंदवलेला नसल्याने रद्दलेख (करार रद्द केल्याचा दस्त) नोंदवायला दुय्यम निबंधकांकडे जावे लागले नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पहिले १,५०,००० रुपये जमा झाले.

११ व १२ नोव्हेंबर

दुसरा धनादेश ९ नोव्हेंबरचा होता. तो महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी, हे अटी ठरवताना कोणाच्याच लक्षात आले नव्हते. सोमवारी भरला, मंगळवारी ‘अपुरी शिल्लक’ या शेऱ्यासह परत आला. वर माझ्याच खात्यातून ११८ रुपये कापले गेले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

धनादेश परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समोरच्याने पैसे भरले नाहीत, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करता येते. वकिलांनी १,५०० रुपयांत नोटीस काढून दिली. या वेळी पत्ता मी स्वतः दोनदा तपासला. दुसऱ्या दिवशी गुरुनानक जयंतीची सुट्टी, त्यामुळे ती १६ तारखेला पोहोचली. सलोख्याच्या अटींतील व्याजाचा उल्लेखही नोटिशीत केला होता.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मतदानाच्या धामधुमीत एक आठवडा काहीच हालचाल नव्हती. काल विकासकाच्या लेखा विभागातून फोन आला की, व्याजाचा आग्रह सोडला, तर पैसे आजच पाठवतो. मी ‘आधी मुद्दल येऊ द्या’ एवढेच म्हटले. आज दुपारी १,२५,००० रुपये एनईएफटीने जमा झाले. या हप्त्यापुरते व्याज साधारण साडेसहा हजारांच्या घरात जात होते, तरी तो विषय मी पुढे नेला नाही. धनादेश परत आल्याचे ११८ रुपये मात्र लेखी मागितले आहेत.

२७ नोव्हेंबर, बुधवार

हिशेब : वकिलांचा सल्ला २,०००, नोटीस १,५००, सलोखा मंच १,०००, टपाल आणि छपाई ६४०, बँक ११८, जाण्यायेण्याचे पेट्रोल सुमारे ९००, एकूण ६,१५८ रुपये. सोडलेले २५,००० धरून ३१,१५८ रुपये गेले. रजा तीन पूर्ण आणि दोन अर्ध्या. पाडव्यापासून कालपर्यंत २३१ दिवस, त्यांतले सेहेचाळीस माझ्या न लिहिण्याचे आणि चुकीच्या पत्त्याचे.

बुकिंग फॉर्मची मूळ प्रत त्यांच्याचकडे आहे. ‘रद्द’ असा शिक्का मारून तिची छायाप्रत पाठवावी, असे कळवले आहे. २,४९,००० रुपयांची मूळ पावती आज सकाळी पोचपावतीसह त्यांच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवली.